हजाराच्या आतली गाणी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एकदा जरी चालला असाल, तरी हे अनुभवलं असेल. वीस-पंचवीस पावलं गेलो की स्पीकर बदलतो, गाणं बदलतं. पुस्तकांच्या स्टॉलांना लागूनच गाण्यांचे स्टॉल. आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, मग मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह. आता त्यातली गाणी मोबाइलच्या ॲपवर शोधून बघा. प्रल्हाद शिंदे सापडतील. विठ्ठल उमपही सापडतील; या शाहिरानं २६ नोव्हेंबर २०१० ला आपल्याच शहरात, कार्यक्रम सुरू असताना शेवटचा श्वास घेतला. पण विदर्भातल्या एखाद्या गावच्या गायन पार्टीनं नव्वदच्या दशकात पदरमोड करून काढलेली कॅसेट? ती मिळणं कठीणच.

तुम्ही म्हणाल, मग टाका ना अपलोड करून! तिथंच खरी गोम आहे.

स्पॉटिफायनं २०२४ पासून एक नियम लावला: मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याचे पैसे मिळणार नाहीत. कंपनीचं म्हणणं असं, की ही रक्कम इतकी किरकोळ असते की कलाकारापर्यंत पोचतच नाही, मधेच अडकून पडते. एका गाण्यापुरतं ते खरंही आहे. पण अशा लाखो गाण्यांचे थेंब एकत्र केले की तळं होतं, आणि ते तळं हजाराच्या वरच्यांच्या वाट्याला जातं. चारशे लोकांनी मनापासून ऐकलेलं गाणं हिशेबात शून्य. तुमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये वाजवणाऱ्या बँडचं पहिलं गाणंही बहुधा याच खात्यात असेल.

आणि ॲपचा तरी काय भरवसा? २०२२ मध्ये 'गाना' पूर्णपणे सशुल्क झालं. 'रेसो' जानेवारी २०२४ अखेर भारतातून गेलं. त्याच वर्षी 'विंक' बंद करत असल्याचं एअरटेलनं जाहीर केलं. वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट काऊन गेल्या, हे विचारायलाही कोणी उरलं नाही. घरातली कॅसेट निदान कपाटात पडून असते. अर्थात तिच्या टेपला बुरशी लागते आणि ती वाजवायचा टेपरेकॉर्डर आजोबांनी कधीच भंगारात दिलेला असतो, ते वेगळं.

कायद्याचीही एक अडचण आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे १९८८ ची कॅसेट २०४८ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीची. गीतकाराचा हक्क वेगळा, तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क २०६४ पर्यंत. हे योग्यच आहे, कवीच्या घरच्यांना काही मिळायलाच हवं. पण ज्या छोट्या कंपनीनं कॅसेट काढली ती बुडालेली, मालक कोण ते ठाऊक नाही, अशा वेळी परवानगी मागायची कोणाला? गाणं ना विकत मिळत, ना मोकळं होत.

मला मात्र याहून जास्त काळजी वाटते ती तीस सेकंदांच्या स्टेटसची. आपल्या शाहिरांची एक जुनी रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतो तो असा. कव्हर हरवलं, लेबल पुसलं, तरी गाणं कोणाचं ते गाणंच सांगतं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जाननं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तीही शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगायची. तबकड्या परदेशात छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून. आज आपण मुखडा तेवढा कापून रील करतो. नाव असलेलं कडवंच गळून पडतं. मग 'नॉनस्टॉप भीमगीतं' अशा मथळ्याखाली तासभराचं मिक्स फिरत राहतं. त्यात गीतकार नाही, गायक नाही, ढोलकीवाल्याचा तर प्रश्नच नाही.

मुंबईत १९९० मध्ये काही शौकिनांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली. जुन्या तबकड्या जमवायच्या, एकत्र बसून ऐकायच्या, कोणी गायलं, कधी मुद्रित झालं यावर चर्चा करायची आणि ते लिहून ठेवायचं, एवढंच काम. पण तबकड्यांचं भाग्य असं की त्यांचे शौकीन बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीताचे. भीमगीतांच्या कॅसेटना, खडी गंमतीच्या ध्वनिमुद्रणांना असे शौकीन अजून पुरेसे मिळालेले नाहीत.

ते तुम्ही होऊ शकता, आणि त्याला ट्रस्ट-बिस्ट काढावी लागत नाही. होस्टेलच्या खोलीत सहा जण पुरतात. मुंबईच्या 'धम्म विंग्स'चं बौद्ध रॉक आणि चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'चा गाना तुम्ही एकमेकांना पाठवतच असाल. त्याच बैठकीत घरची एक कॅसेट ठेवा. पूर्ण ऐका, शेवटच्या कडव्यापर्यंत. कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. वादकांची नावं वहीत उतरवा. गाणारे अजून हयात असतील तर त्यांच्याकडे जाऊन विचारा, कारण परवानगी देऊ शकणारी आणि हार्मोनियमवर कोण होतं ते आठवणारी माणसं आज सत्तरीच्या पुढे असतील.