अर्जात नसलेली अट

जीवरसायनशास्त्रात एम. एस्सी. व्हायला काय लागते, असे मुली मला विचारतात. मी सांगतो, आधी बी. एस्सी., मग साधारण दोन वर्षे अभ्यास, प्रयोग नि परीक्षा. पण कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमलाबाई सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. होऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नकार दिला. बाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर कसोटीवर राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध नि डाळींतील प्रथिनांवर काम करून १९३६ साली त्या एम. एस्सी. झाल्याच! ‘मुलीच्या जातीला कशाला एवढे?’ ही अर्जात नसलेली अट, आईबापहो, निदान घरात तरी घालू नका.