तानांचा हिशेब

संगीत शिकवणारे आमचे एक सहकारी नोकरी सोडून सॉफ्टवेअर लिहू लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये दोन प्रतिक्रिया उमटल्या. 'कला सोडली' ही पहिली. 'सुटले बिचारे' ही दुसरी. आम्हांला दोन्ही अपुऱ्या वाटतात.

शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असताना लिहिला. हा संगीतशास्त्रकार दरबारच्या हिशेबखात्यातील अधिकारीही होता. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले, तर त्यांचे ५०४० क्रम होतात. त्यांतला अमुक क्रमांकाचा क्रम कोणता आणि दिलेला क्रम कितवा, हे सगळी यादी न मांडता शोधण्यासाठी त्याने 'खंडमेरू' नावाची सारणी दिली. आजचा प्रोग्रामर याला अल्गोरिदम म्हणेल. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्यावा, मध्ये एकेक मात्रा सोडावी, म्हणजे सतरा मात्रा होतात आणि त्रितालात समेवरून उचललेली तिहाई पुढच्या समेवर पडते. हे शिकवणाऱ्याला संगणकाची भाषा परकी का वाटावी?

मात्र हे साधर्म्य दाखवून स्वतःची समजूत घालणे सोयीचे आहे, आणि म्हणूनच धोक्याचे. 'संगीत शिका, प्रोग्रामिंगला उपयोगी पडेल' असे म्हणताच संगीताचे मोल संगीताबाहेर गेले. 'मराठीत एम.ए. करून पुढे काय?' हा प्रश्न ऐकत आलेल्या आपल्याला तरी हे कळायला हवे.

आमचे सहकारी संगीतापासून सुटले नाहीत. ते सुटले तासिका तत्त्वापासून. घेतलेल्या तासाचेच मानधन, सुट्टीत काही नाही, दर वर्षी नव्याने नेमणूक. स्नेहसंमेलनाच्या तालमी मात्र हौसेखातर. त्यांनी कला सोडली, असे म्हणणाऱ्या आम्हां कायम प्राध्यापकांनी त्यांच्यासाठी एक अर्ज तरी केला होता का? नव्हता.

प्रोग्राम चुकला तर पुष्कळदा यंत्रच तसे सांगते. विद्यार्थ्याचा कोमल ऋषभ किंचित चढला, तर ते सांगायला समोर गुरूचा कान लागतो. नव्या कामात त्यांचे भले होईलच. नुकसान झाले ते वर्गाचे, आणि त्याचा हिशेब आमच्या नावावर मांडला पाहिजे.