इटलीचं वेळापत्रक आणि सामानाची वही



आम्ही दोघं ऑक्टोबरात इटलीला निघतोय, आणि टूर कंपनीबरोबर न जाता आपले आपण ट्रेनने फिरणार आहोत, असं मागे इथे लिहिलं होतं. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतंय, "काका, प्लॅन पाठवा ना." पाठवतो. पण आधी पहिला प्लॅन कसा रद्द झाला ते ऐका. माझं जे मत झालंय ते त्यातूनच झालंय.

मत आधी सांगून टाकतो. आपल्या वयाच्या जोडप्याने अशा प्रवासाचा बेत करताना शहरं मोजू नयेत. सामान किती वेळा बांधावं लागणार ते मोजावं, आणि ते बांधणार कोण, हेही मोजावं. बाकी सगळं नंतर.

मी बडोद्याचा. कॉमर्स फॅकल्टीतून बी.कॉम. झालो आणि १९७२ साली बँकेत लागलो. ३८ वर्षं नोकरी झाली. हिशेबाची खोड जात नाही. इटलीचं ठरलं तसा मी लॅपटॉपवर तक्ता केला. रोम २ रात्री, नेपल्स २, फ्लॉरेन्स २, पिसा १, व्हेनिस २, मिलान २. एकूण ११ रात्री, ६ शहरं. प्रत्येक गाडीची वेळ, भाडं, स्टेशनपासून हॉटेलचं अंतर, सगळे रकाने भरले. तीन आठवडे लागले. शेवटी प्रिंट काढून सौभाग्यवतींच्या पुढे ठेवला, म्हटलं, बघ, एक मिनिट फुकट जात नाही.

तिने चष्मा लावला, पूर्ण वाचला आणि म्हणाली, "छान आहे. तुम्ही जाऊन या."

मला वाटलं गुडघ्यांमुळे म्हणतेय. म्हणून मी तिला समजावलं की इटलीत मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची सोय असते. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांनी आधी कळवलं तर माणूस येऊन गाडीत बसवून देतो, पैसे घेत नाहीत. ती म्हणाली, "गुडघ्याचं नाही हो." मग उठून आतल्या कपाटातून एक वही घेऊन आली.

ती वही मी ओळखली, पण उघडून कधी पाहिली नव्हती. माझ्या नऊ बदल्या झाल्या. दाहोद, नवसारी, भुज, इंदूर, अशी गावं. दर बदलीला मी ऑर्डर हातात पडली की आठ दिवसांत एका सुटकेसवर हजर व्हायचो. मागे घर बांधायची ती. मुलीची शाळा, गॅसचं कनेक्शन, दूधवाल्याची बाकी, आणि मग खोकी. त्या वहीत प्रत्येक खोक्याचा नंबर आणि आत काय ते लिहिलेलं होतं. "खोकं १, पोहोचल्यावर आधी उघडणे: तवा, पोळपाट, चहा-साखर, मेणबत्ती, देव." नऊ बदल्यांच्या नऊ याद्या.

ती म्हणाली, "नऊ वेळा संसार बांधला नि सोडला. तुमच्या नोकरीसाठी केला, त्याची तक्रार नाही. पण आता मौजेला म्हणून जायचं, आणि अकरा दिवसांत सहा वेळा पुन्हा तेच? तुमच्या कागदावर बॅग भरायचा रकाना कुठाय?"

रकाना नव्हता.

मंडळी, मी कर्जाची शेकडो प्रकरणं तपासली आहेत. जो खर्च कागदावर दाखवलेला नसतो तोच धंदा बुडवतो, हे तरुण ऑफिसरांना मीच शिकवायचो. त्या रात्री तक्ता पुन्हा उघडला आणि खरा हिशेब केला. तो तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून देतो.

रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास. फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. आकडे बघून वाटतं, हे तर बडोदा-अहमदाबाद! पण तो झाला गाडीचा वेळ. सकाळी बॅगा भरा, दहा-अकरापर्यंत खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडी, मग नव्या गावात हॉटेल शोधा. तिथली खोली दोन-तीन वाजेपर्यंत मिळत नाही. म्हणजे शहर बदललं की निदान पाच तास गेले. माझ्या तक्त्यात असे पाच बदल होते. २५ तास. जागेपणीचे १२ तास धरले तर दोन दिवसांहून जास्त आम्ही बॅगा ओढण्यात घालवणार होतो, आणि मी म्हणत होतो एक मिनिट फुकट जात नाही!

त्यात तिथे लाल डगलेवाले हमाल नाहीत. बॅग आपणच उचलायची, गाडीच्या पायऱ्या आपणच चढायच्या. व्हेनिसमध्ये तर स्टेशनबाहेरच पायऱ्या, पुढे पुलापुलावर पायऱ्या.

यावर इथले काही जण म्हणतील, आणि माझ्या शेजाऱ्यांनी म्हटलंच, "अहो, लाखांनी खर्च करून जायचं, या वयात पुन्हा कोण जातंय? एकदाच सगळं बघून घ्या." हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मीही त्यापायीच सहा शहरं घेतली होती. शेजारी टूर कंपनीबरोबर १० दिवसांत चार देश करून आले. जेवण आपलं, बस दारात, चिंता नाही, आणि त्यांना मजा आली. ज्यांना एकट्याने फिरायची धास्ती वाटते त्यांनी जरूर तसं जावं. पण आल्यावर त्यांना विचारलं, फ्लॉरेन्स कसं होतं? ते फोनमधले फोटो चाळायला लागले, कुठला फोटो कुठल्या गावचा हे दोघांत ठरेना. पुन्हा जायचं नाही हे खरं आहे. म्हणूनच जे बघू ते डोक्यात राहायला हवं, असं मला वाटतं.

मग मी एक गोष्ट केली जी आधी करायला हवी होती. तिला विचारलं, "तुला काय बघायचंय?" लग्नाला ४७ वर्षं झाली. कुठे जायचं हे आजवर माझ्या एलटीसीने ठरवलं, किंवा मी ठरवलं.

उत्तर तयार होतं. ती बडोद्यात वाढलेली. लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या दरबार हॉलची मोझॅइकची जमीन तिने शाळेत असताना पाहिलेली. बाईंनी सांगितलं होतं, हे व्हेनिसचं काम आहे. सयाजीरावांनी इटलीहून फेलिची नावाचा शिल्पकार बोलावला होता, त्याने केलेले पुतळे त्या राजवाड्यात आहेत, हे आपण बडोदेकर जाणतोच. ती म्हणाली, "ती जमीन जिथून आली तिथली जमीन बघायची आहे. आणि एका जागी चार दिवस राहून, रोज त्याच दुकानातून फळं घ्यायची आहेत. मला कुठल्याच गावात बायकांची ओळख होईस्तोवर बदली यायची."

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

माझीही एक इच्छा होती, ती सांगितली. द्विनोंदी पद्धत, जमा आणि नावे, जी आपण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी घोकतो, ती पहिल्यांदा छापून आली लुका पाचोलीच्या पुस्तकात, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. आणि सिएना गावात १४७२ साली स्थापन झालेली मोंते देई पास्की ही बँक आजही चालू आहे. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाने तिच्या दारात एकदा उभं राहावं, एवढंच. ती हसली, म्हणाली, "पास!"

तर आता मंजूर झालेला बेत असा:

रोम ४ रात्री, फ्लॉरेन्स ५, व्हेनिस ३. एकूण १२ रात्री. विमान रोमला उतरणार, परतीचं व्हेनिसहून. जिथे उतरलो तिथेच परत यायचा खटाटोप नाही. सामान घेऊन ट्रेनचा प्रवास फक्त दोनदा. बाकीची गावं सकाळी जाऊन संध्याकाळी परत, खांद्याला एक पिशवी. फ्लॉरेन्सहून पिसा तासाभरावर, सिएना दीड तासावर. रोमहून ओर्व्हिएतो तास-सव्वा तासावर, आणि तिथे स्टेशनपासून वरच्या गावात दोरावर ओढली जाणारी छोटी गाडी नेते. नेपल्स आणि मिलान काढून टाकले. नेपल्सचं वाईट वाटलं, कारण पॉम्पेई राहिलं. पण काहीतरी सोडावं लागतंच.

फ्लॉरेन्सला छोटं स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीय. पाच रात्री असल्या तर ते परवडतं. मेतकूट आणि भाजणी बरोबर असणारच. शुद्ध शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवा, तिथलं पार्मेझान चीज वासराच्या रेनेटने बनतं. घरी वरणभात केला तर हा प्रश्नच येत नाही.

आता ट्रेनचं, थोडक्यात.

वेगवान गाड्या दोघांच्या. सरकारी ट्रेनइतालियाच्या फ्रेच्चारोस्सा, आणि २०१२ पासून खासगी इतालो. दोन्हींचं भाडं बघा, फरक पडतो. लवकर काढलं तर रोम-फ्लॉरेन्स वीस-पंचवीस युरोतही मिळतं, ऐनवेळी दुप्पट-तिप्पट. मात्र सर्वांत स्वस्त तिकीट बदलता येत नाही, गाडी चुकली की पैसे गेले. आपल्या वयाला थोडे जास्त देऊन बदलता येणारं तिकीट घ्यावं. विमानातून उतरायच्या दिवसाचं तर स्वस्त तिकीट काढूच नये.

छोट्या गावांच्या गाड्या म्हणजे 'रेजोनाले'. भाडं ठरलेलं, आज काढा की महिन्याने, तेवढंच. जागा राखीव नाही. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात छापून घ्यायचं, फोनवरचं असेल तर फोनवरच चेक-इन करायचं. विसरलात तर दंड, आणि तिकीट घेतलंय हो, ही सबब चालत नाही.

फलाटाला 'बिनारिओ' म्हणतात. फलाट क्रमांक बोर्डावर बऱ्याचदा गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीच लागतो, तेव्हा घाबरू नका. बोर्डावर गाडीच्या शेवटच्या स्टेशनचं नाव असतं, आपल्या गावाचं नव्हे. गाडीचा नंबर पाहावा.

व्हेनिसची दोन स्टेशनं. मेस्त्रे हे अलीकडे जमिनीवर, सांता लुचिया हे खरं व्हेनिस. मेस्त्रेला हॉटेल स्वस्त. मीही आधी तेच धरलं होतं. पण रोज ये-जा कोण करणार? आता आत, बोटीच्या थांब्याजवळ, लिफ्ट असलेलं घेतलंय. लिफ्ट आहे का हे लिहून विचारा, जुन्या इमारतीत बऱ्याचदा नसते.

संप तिथेही होतात, 'शोपेरो' म्हणतात, आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक सेवेतल्या ठरावीक गाड्या संपातही चालवाव्या लागतात. विम्याचं कवच निदान ३०,००० युरोचं लागतं, त्याशिवाय व्हिसा नाही.

बस, एवढंच शिकलोय. अजून गेलेलो नाही, त्यामुळे परत आल्यावर यातलं काही चुकीचं निघालं तर इथेच येऊन कबूल करीन.

पण एक गोष्ट चुकीची निघणार नाही, आणि ती खास पुरुष मंडळींसाठी. आपण रिटायर झालो की म्हणतो, हिला आता जग दाखवायचं. दाखवणारे आपण कोण? तिलाही डोळे आहेत, आणि काय बघायचं ते तिने कदाचित शाळेत असतानाच ठरवून ठेवलंय. जमा-नावेचं सगळं शिक्षण घेऊन मला एवढं कळलं नाही की माझ्या नऊ बदल्या माझ्या नावावर बढत्या म्हणून जमा झाल्या, आणि दुसरी नोंद तिच्या वहीत पडत गेली. तेव्हा लॅपटॉप उघडायच्या आधी घरात विचारा. तीन आठवडे वाचतील.

काल त्या वहीत नवं पान सुरू झालंय. वर लिहिलंय "इटली". खाली दोन बॅगा, एक तिची, एक माझी. माझ्या बॅगेपुढे लिहिलंय, "ही यांनी स्वतः भरायची." त्याचीच प्रॅक्टिस चालू आहे.

सिएनाला कुणी जाऊन आलं असेल तर जरूर लिहा. स्टेशन खाली आणि गाव वर आहे, स्टेशनाजवळून वर जायला सरकते जिने आहेत म्हणतात. त्यापेक्षा फ्लॉरेन्सहून बसने गेलं तर थेट गावाजवळ सोडते असंही वाचलंय. गुडघ्यांच्या दृष्टीने काय बरं? उत्तर तिच्यासाठी हवंय, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.