कुलपातील गोष्टी

गेल्या आठवड्यात एका खेड्यातील प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाट माझ्या आग्रहास्तव, किल्लीचा बराच शोध झाल्यावर, उघडले गेले, तेव्हा डांबरगोळ्यांच्या उग्र दर्पाबरोबर जे दृष्टीस पडले त्याचा आनंद मानावा की खेद, हेच मला उमगेना. शे-दीडशे गोष्टींची पुस्तके, प्रत्येकावर शाळेचा शिक्का आणि दाखल क्रमांक. पण एकाही पानाचा कोपरा म्हणून दुमडलेला नव्हता. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची तर दोन पाने वरच्या कडेला अद्याप चिकटलेलीच होती.

मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. पुस्तक फाटले वा गहाळ झाले की तपासणीत जाब द्यावा लागतो, आणि प्रसंगी भरपाई पदरची करावी लागते, हे त्यांनी संकोचाने सांगितले. दोष त्यांचा नव्हेच. गोष्टीच्या पुस्तकाला टेबल, खुर्ची आणि घंटा यांच्या पंक्तीला जडसंग्रहाच्या नोंदवहीत बसविणाऱ्या शिरस्त्याचा तो आहे.

प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात नमूद आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिनही पाळतो. त्या दिवशी अशी कपाटे उघडतात, पुस्तके टेबलावर मांडली जातात, छायाचित्र निघते, आणि सायंकाळच्या आत किल्ली पूर्ववत खुंटीवर जाते. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र म्हणून मांडले. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळीला जखडीत असत. पण तो साखळदंडातला ग्रंथही जागेवर उभे राहून वाचता येत असे, आमच्या कुलपातला तेवढाही वाचता येत नाही.

माझ्या भेटीच्या दिवशी तिसरीतील एका मुलीने कपाटातून एक पुस्तक उचलले आणि उंबऱ्यावर बसून, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवीत ती वाचू लागली. मधल्या सुट्टीत खिचडीची थाळी आली तरी तिने ते खाली ठेवले नाही. साहजिकच पानावर हळदीचा पिवळा ठसा उमटला. मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी चढली. मला मात्र त्या ग्रंथालयातील ती पहिली खरी नोंद वाटली.

वाचनाची गोडी उपदेशाने लागत नाही. हाताला लागेल अशा उंचीवर, वर्गातल्या दोरीवर, पुस्तक टांगलेले असले की ती लागते. म्हणून शिक्षणखात्यास विनंती एवढीच, की दरसाल शंभरांतली दहा-पंधरा पुस्तके वापराने झिजली असे समजून, विनाचौकशी निर्लेखित करण्याची मुभा शाळांना द्यावी. आणि तपासणीच्या वेळी ज्या शाळेतील एकही पुस्तक फाटलेले आढळणार नाही, त्या शाळेकडून लेखी खुलासा मागवावा.