प्लगवरची मिरपूड

‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ 2001 साली आला आणि आपल्याकडच्या कॉलेजकट्ट्यांवरही ‘नॉस’ हा शब्द रुळला. बटण दाबलं की आजूबाजूचं सगळं धूसर आणि गाडी सुसाट! पण खरा सस्पेन्स रेस संपल्यावर असतो, आणि तो सिनेमावाले दाखवत नाहीत. अमेरिकेतल्या एखाद्या ड्रॅग स्ट्रिपवर जा. पिटमध्ये बॉनेट उघडलेलं असतं आणि कुणीतरी अनुभवी ट्यूनर कानाच्या डॉक्टरसारखं दिव्याचं भिंग डोळ्याला लावून स्पार्क प्लगमध्ये डोकावत असतो. पुढच्या राउंडला इंजिन टिकणार की फुटणार, हे तिथे ठरतं.

आधी दोन मिनिटं केमिस्ट्री. (पळू नका, सोपी आहे!) नायट्रस ऑक्साइड म्हणजे डेंटिस्टकडचा लाफिंग गॅस. तो स्वतः पेटत नाही. पण त्यात वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत जेमतेम 23. सिलिंडरमध्ये तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त पॉवर. हिशेब सरळ आहे. लफडं तेव्हा होतं, जेव्हा ऑक्सिजन पोचतो आणि त्याच्या जोडीचं पेट्रोल कमी पडतं. मग उष्णता अशी भडकते की ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळायला लागतो.

दुसरी भानगड टायमिंगची. नायट्रस आला की मिश्रण झपाट्याने जळतं, त्यामुळे ठिणगी थोडी उशिरा टाकावी लागते. ढोबळ हिशेब असा, की वाढवलेल्या दर 50 हॉर्सपॉवरमागे टायमिंग दीड-दोन अंश मागे घ्यायचं. म्हणजे सांभाळायच्या मुख्य गोष्टी दोन, पेट्रोलचा जेट आणि टायमिंग. प्रो मॉड क्लासच्या गाड्या 402 मीटर सहा सेकंदांच्या आत संपवतात. तेवढ्यात आत काय बिघडतंय, हे कानाला कळणं अशक्य. कळतं ते प्लगवरून.

आता तुम्ही म्हणाल, प्लग बघणं त्यात काय? आपल्या नाक्यावरचा मेकॅनिकही आरएक्स 100 चा प्लग काढून सांगायचा, “काळा पडलाय, पेट्रोल जास्त जातंय.” बिस्किटासारखा रंग आला की गाडी फिट! फंडा बरोबर होता, पण जमाना शिसंवाल्या पेट्रोलचा होता. भारतात ते 2000 साली बंद झालं. बिनशिशाच्या पेट्रोलवर प्लगला रंग फारसा चढतच नाही. आणि नायट्रसच्या गाडीत बिस्किटाचा रंग शोधत बसलात, तर पिस्टन गेलाच म्हणून समजा.

तिथे प्लग तुकड्या-तुकड्याने वाचतात. टोकावर जी वाकवलेली तार असते, ती टायमिंग सांगते. उष्णतेने तिच्यावर रंगबदलाची एक रेघ उमटते. रेघ तारेच्या टोकाकडे राहिली तर टायमिंग अजून मागे आहे, वळणाच्या आसपास आली तर झकास, आणि पार बुंध्याशी पोचली तर टायमिंग फारच पुढे गेलंय. पेट्रोलचा हिशेब मात्र खोल आत लिहिलेला असतो. पांढरी चिनीमाती जिथे धातूत शिरते, तिथे काजळीचं बारीक कडं दिसायला हवं. ते नसेल तर पेट्रोल कमी पडतंय. हे कडं नीट दिसावं म्हणून काही जण प्लगचे आटे चक्क कापून काढतात! शिवाय किती आट्यांपर्यंत रंग उतरलाय, त्यावरून प्लगची हीट रेंज बरोबर आहे का ते कळतं. नायट्रसला नेहमी ‘थंड’ प्लग लावतात, म्हणजे उष्णता चटकन हेडमध्ये सोडून देणारा. गरम प्लगचं टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं.

आणि मिरपूड? पांढऱ्या चिनीमातीवर काळे बारीक ठिपके दिसले, की आत डेटोनेशन सुरू झालंय. ठिपके चकाकणारे असतील, तर ते तुमच्याच पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

पण साक्ष योग्य वेळी घेतली तरच कामाची. नवे प्लग लावायचे, पूर्ण दमात रन मारायचा आणि फिनिश लाइन ओलांडताच इंजिन बंद. गाडी घरंगळत थांबू द्यायची, पिटपर्यंत ओढून आणायची. आयडलवर चालवत आणलीत, तर वर काजळीचा थर बसतो आणि मूळ मजकूर पुसला जातो. व्ही-8 असेल तर आठही प्लग क्रमाने मांडायचे, कारण प्रत्येक सिलिंडरची तऱ्हा वेगळी.

आजच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतात, डेटा लॉगर असतात, मग भिंगाची गरज काय? एक्झॉस्टच्या जोडावरचा सेन्सर चार सिलिंडरची सरासरी सांगतो. तीन मजेत आणि चौथा जळतोय, तरी आकडा छानच दिसणार. एखाद्या सिलिंडरने मिसफायर केलं, तर न जळलेला ऑक्सिजन पाहून तो उलटच निष्कर्ष काढतो.

सगळ्यात कठीण प्रसंग मात्र तांत्रिक नसतो. टाइम स्लिपवर आजवरचा बेस्ट आकडा आलाय, पोरं नाचताहेत, पुढच्या राउंडला मोठा जेट टाकायचा मूड आहे. आणि सहा नंबरच्या प्लगवर मिरपूड! माझं मत विचाराल तर टाइम स्लिप खिशात ठेवायची. दोन अंश मागे, पेट्रोलचा जेट एक नंबर मोठा, नायट्रस आहे तेवढाच. त्यात रात्र थंड झाली की बाटलीतला दाब उतरतो, नायट्रस कमी जातो आणि प्लग काळसर दिसतो. अशा वेळी जेट बदलण्याआधी बाटलीचं गेज बघा. 900 ते 1000 पीएसआयच्या खाली असेल, तर आधी हीटर लावा.

हे वाचून आपल्या हॅचबॅकला बाटली बसवायची आयडिया आली असेल तर बॉस, रस्त्यावर ते चालत नाही. आरटीओ आणि इन्शुरन्सवाला, दोघंही हात वर करतील. पुढच्या सर्व्हिसिंगला मात्र मेकॅनिककडून जुने प्लग मागून घ्या आणि क्रमाने मांडून मोबाइलच्या टॉर्चखाली बघा. तीन सारखे आणि एक वेगळा दिसला, तर तो सिलिंडर कितवा, ते विचारून या.