फुलं राखणारी गुरं

गॉलवेहून किनाऱ्याच्या रस्त्याने क्लिफ्स ऑफ मोहरला गेला असाल, तर वाटेत तुम्हाला बरन लागलं असेल. क्लेअर परगण्याच्या उत्तरेकडचा हा चुनखडीचा प्रदेश. राखाडी, उघडेबोडके डोंगर, दगडी गडगे आणि झाड क्वचितच. गाडीतून पाहताना आपल्या मनात हमखास येतं, "इथे झाडं का लावत नाहीत?" त्यात आपला दोष नाही. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ वाचतच आपण मोठे झालो. पण बरनसाठी हा सल्ला घातक ठरेल.

मे महिन्यात तिथे गाडी थांबवून खाली उतरा. दगडांच्या फटींत आणि बोटभर मातीत निळंगर्द स्प्रिंग जेन्शियन, पांढरं माउंटन एव्हन्स आणि तऱ्हेतऱ्हेची ऑर्किड्स दिसतील. आर्क्टिककडच्या आणि भूमध्य समुद्राकाठच्या वनस्पती इथे शेजारी शेजारी वाढतात. आयर्लंडच्या मूळ वनस्पतींपैकी सुमारे ७० टक्के प्रजाती एवढ्याशा भागात सापडतात.

ही फुलं टिकली ती गुरांमुळे. आल्प्समध्ये आणि हिमालयात जनावरं उन्हाळ्यात डोंगरावर जातात आणि थंडीत खाली येतात. बरनमध्ये नेमकं उलटं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास गुरं डोंगरावर चढवतात आणि वसंतात खाली आणतात. याला तिथे ‘विंटरेज’ म्हणतात. चुनखडी उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवते आणि थंडीत हळूहळू सोडते. शिवाय पाणी फटींतून निचरून जात असल्यामुळे जनावरांना बसायला जमीन कोरडी मिळते. हिवाळाभर गुरं वाळलेलं, राठ गवत खाऊन टाकतात. वसंतात फुलं उमलायला लागतात तेव्हा त्यांच्यावर गवताची सावली नसते आणि त्यांना तुडवायला गुरंही नसतात. गुरं गेली, तर गवत माजतं, मागोमाग हेझेलची झुडपं पसरतात आणि फुलं गुदमरतात.

धोका याच दिशेने आला. शेती बदलली, गुरं थंडीत गोठ्यात राहू लागली आणि जी डोंगरावर जात त्यांनाही मुरघास घातला जाऊ लागला. आयता चारा मिळाल्यावर राठ गवत कोण खाईल? शिवाय मुरघास घालतात तिथे गुरं गर्दी करतात, जमीन तुडवली जाते आणि झऱ्यांचं पाणी खराब होतं.

२००५ साली ‘बरनलाइफ’ हा प्रकल्प सुरू झाला. ब्रेंडन डनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीला २० शेतांवर, शेतकऱ्यांना सोबत घेऊन, काय जमतं ते पाहिलं. त्यातून पुढे जी योजना उभी राहिली तिची कल्पना साधी होती. दरवर्षी प्रत्येक कुरणाला १ ते १० गुण द्यायचे. गवत किती चरलं गेलं, झुडपं किती वाढली, पाण्याच्या जागांची अवस्था कशी आहे, हे पाहायचं. गुण जास्त, तर पैसे जास्त. हे कसं साधायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. पुढे तीनशेहून अधिक शेतकरी या योजनेत आले.

माझ्या मते यातली खरी किल्ली पैशाइतकीच विश्वासाची आहे. ‘हे करू नका, ते करू नका’ अशी यादी हातात देण्याऐवजी, ‘तुमच्या कुरणात फुलं वाढवा, त्याचं मोल आम्ही देतो’ असं सांगितलं. ज्याच्या आजोबांनीही त्याच डोंगरावर गुरं चारली, त्याचं ज्ञान कामाला लागलं. २०२३ पासून ही व्यवस्था ‘एकर्स’ या देशव्यापी योजनेत सामील झाली आहे. मोठ्या योजनेत हा गावपातळीवरचा विश्वास टिकतो का, याकडे लक्ष ठेवायला हवं.

तुम्ही म्हणाल, गुरांच्या मिथेनचं काय? प्रश्न रास्त आहे. गुरं वाढवा, असं बरन सांगत नाही. मोजकी गुरं, योग्य जागी, योग्य ऋतूत, एवढंच त्याचं म्हणणं आहे. आणि झाडं? आयर्लंडला जंगल हवंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशाच्या जेमतेम १ टक्का जमिनीवर जंगल उरलं होतं, आज ते ११ टक्क्यांच्या वर आहे. पण त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग सिट्का स्प्रूस या उत्तर अमेरिकेतल्या एकाच झाडाचा. लाकडासाठी ते उत्तम आहे. मात्र खोल पीटच्या दलदलीचं पाणी काढून ते लावलं, की शतकानुशतकं साठलेला कार्बन हवेत जाऊ लागतो. म्हणजे झाड कुठे लावलं यावर सगळं अवलंबून आहे.

साताऱ्याचं कास पठार आठवा. तेही खडकाळ, पातळ मातीचं, फुलांचं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं. गर्दी आवरायला कुंपण आलं आणि गुरांच्या वाटा अडल्या. गुरं थांबल्याने फुलांवर परिणाम झाला का, यावर वाद झाला आणि पुढे कुंपण काढलं गेलं. बरनचा उपाय तिथे जसाच्या तसा चालणार नाही, कारण कासची फुलं पावसाळ्यात येतात आणि जांभा दगडाचं गणित वेगळं आहे. पण पठारावर पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या गुराख्याला आधी विचारावं, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

आपण परदेशातले मराठी लोक गावाकडच्या वृक्षारोपणाला हौसेने पैसे पाठवतो. जरूर पाठवा. पण पुढच्या वेळी ‘किती झाडं लावणार?’ याआधी तीन प्रश्न विचारा. त्या जमिनीवर आज काय उगवतं? तिथे कोण गुरं चारतं? आणि पाच वर्षांनी तिथे राबणाऱ्या माणसाला काय मिळणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर पैसे थोडे थांबवून ठेवा.