फोटोतले बिल कोणाच्या कामाचे?

नंदुरबारच्या कापड बाजारात आता भावाचा कागद, बिल आणि उधारीचा हिशेब बहुधा मोबाईलवरच येतो-जातो. सुरतेचा व्यापारी कागदाचा फोटो काढून पाठवितो, आम्ही तोच शहादा, तळोदा, धडगावच्या दुकानदारांना पुढे पाठवितो. डोळस माणसाचे काम भागते. परंतु ज्या दुकानदाराला किंवा शिलाई कारागिराला दिसत नाही, त्याच्यासाठी तो कागद कोराच असतो.

अंध माणूस मोबाईल कानाने वापरतो. अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक ही सोय पडद्यावरचा मजकूर मराठीतही वाचून दाखविते. संगणकासाठी एनव्हीडीए मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी 2006 साली ते काम सुरू केले. पण ही साधने अक्षरे वाचतात आणि फोटो हे चित्र आहे. चित्रातील अक्षरे ओळखणारी ॲप निघाली आहेत हे खरे. परंतु घाईने लिहिलेल्या बिलात 8 चा 3 वाचला गेला, तर नुकसान कोणी भरायचे? आपली उधारी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागणे ही व्यापारात मोठी मोहताजी आहे.

नुसते टाईप करूनही भागत नाही. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांचे टायपिंग वर्षानुवर्षे इनपेजवर झाले, मराठीचे श्रीलिपीसारख्या फॉन्टवर. जुन्या पद्धतीच्या फाईलींतला मजकूर या साधनांना उमगत नाही. युनिकोडमधील मराठी आणि उर्दू मात्र सरळ वाचता येते.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर त्यांना वापरता यावा, ही जबाबदारी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारवर टाकली आणि खाजगी सेवा देणाऱ्यांनाही नियमांत आणले. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. याचा अर्थ छोट्या दुकानदाराला उद्या नोटीस येईल असा नव्हे. पण नोटिशीची वाट पाहून इन्साफ करणे आपल्याला शोभत नाही.

व्यापारी बांधवांनी एवढे जरूर करावे. बिल टॅलीवर बनत असेल तर ते छापून फोटो काढू नये, पीडीएफ तेथूनच पाठवावी. भाव टाईप करताना मालाचे नाव, पन्हा, मीटरचा दर असा क्रम कायम ठेवावा. साडीचा फोटो पाठविताना खाली रंग, काठ आणि पोत दोन ओळींत लिहावा. हाताने लिहिलेल्या बिलाबरोबर रकमा बोलून पाठवाव्यात. बहिऱ्या ग्राहकाला मात्र बोललेले नव्हे, लिहिलेले पाठवावे.

यात खर्च काही नाही, पाच मिनिटे जास्त जातात. ज्याचा पैसा आहे, त्याला आपला हिशेब स्वतः वाचता आला पाहिजे. असा ग्राहक दुकान बदलत नाही.